अकरा गुणांनी हुकलेली एफएमजीई: तिसऱ्या खेपेला नेमकं काय बदलायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही ऐरोलीला राहता. मुलीने २०१९ साली किर्गिझस्तानात एमबीबीएसला प्रवेश घेतला, गेल्या वर्षी ती डिग्री घेऊन परतली. एफएमजीई, म्हणजे परदेशात एमबीबीएस केलेल्यांना इथे नोंदणीआधी पास व्हावी लागणारी परीक्षा, तिने दोनदा दिली, आधी १३१ गुण मिळाले, मग १३९. पास व्हायला १५० लागतात. दिवसाचे बारा तास ती खोलीत रेकॉर्डेड लेक्चर ऐकते. आता तिला दिल्लीला क्लासला पाठवायचं, घरूनच तिसऱ्यांदा बसवायचं, की हा नाद सोडून प्लॅब (ब्रिटनची) किंवा यूएसएमएलई (अमेरिकेची) या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षांकडे वळवायचं? आणि मध्येच ओळखीतल्या एकाने एका छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीच्या आरएमओची, म्हणजे निवासी डॉक्टरची, नोकरी देऊ केलीय, 'तेवढाच अनुभव' म्हणून.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ठाण्याच्या नौपाड्यात माझी लॅब आहे, त्याआधी बरीच वर्षं मेडिकल कॉलेजात शिकवत होते. गेली चौदा वर्षं रविवारी सकाळी बाहेरून शिकून आलेली चार-सहा मुलं माझ्या लॅबमध्ये येऊन बसतात. हा क्लास नाही, फीही नाही. रशिया, चीन, फिलिपिन्स, जॉर्जिया, सगळीकडची मुलं त्या टेबलाशी बसून गेली. त्यांच्याबरोबर बसून जे समजलं तेवढंच सांगते.

आधी नोकरीचं, कारण तिथे उशीर परवडणार नाही. त्यांना नाही म्हणून कळवा. एफएमजीई पास होऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी हातात पडेपर्यंत तुमच्या मुलीला या राज्यात पेशंट तपासायचा, औषध लिहायचा, इंजेक्शन द्यायचा अधिकार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ मध्ये त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. 'सगळेच ठेवतात' असं तुम्हाला सांगितलं जाईल. पण रात्री अडीचला छातीत दुखणारा माणूस आला, तिथे ती एकटी असली आणि काही बरंवाईट झालं, तर पाटीवर ज्यांचं नाव आहे ते 'मी तिला फक्त बसायला सांगितलं होतं' म्हणून मोकळे होतील. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या बाबतीत जवळपास असंच घडलं. प्रकरण मिटलं, पण त्याची दोन वर्षं पोलीस ठाण्याच्या चकरांत गेली आणि अभ्यास सुटला तो सुटलाच. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. डिसेंबर २०२२ मध्ये, ही परीक्षा पास न होताच नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून सीबीआयने ७३ परदेशी पदवीधर आणि १४ राज्य वैद्यकीय परिषदांवर गुन्हा नोंदवला होता. तेव्हा 'काम करून देतो' म्हणून फोन करणाऱ्या एजंटांनाही दारात उभं करू नका.

अनुभव तिला हवाच आहे, त्याचा रस्ता वेगळा आहे. त्यावर पुढे येतेच.

आता मूळ प्रश्न. दिल्ली की घर, असं तुम्ही विचारलंय. त्याआधी हे बघायला हवं की ही अकरा गुणांची तूट नेमकी कुठे आहे. बहुतेक सत्रांत शंभरातली सत्तरहून जास्त मुलं नापास होतात, त्यामुळे ही परीक्षा फार अवघड असा सगळ्यांचा समज असतो. प्रश्न बघितलेत तर ते एमबीबीएसच्या पातळीचेच आहेत. एकूण ३०० प्रश्न, १५०-१५० चे दोन भाग, प्रत्येक भागाला अडीच तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. रँक नाही, कुणाशी स्पर्धा नाही. १५० आले की झालं. १३९ मिळवणाऱ्या मुलीला विषय येत नाही असं म्हणता येणार नाही. तिला विषय येतो, तो प्रश्नात ओळखता येत नाही. या दोन आजारांचं औषध वेगवेगळं आहे, आणि बहुतेक घरांत पहिल्या आजाराचं औषध दुसऱ्याला दिलं जातं: आणखी लेक्चर, आणखी नोट्स, आणखी तास.

एक उदाहरण सांगते. डोंबिवलीची एक मुलगी १४४ वर अडकून माझ्याकडे आली. पहिल्याच रविवारी मी तिला तिची सोडवलेली मॉक टेस्ट छापून आणायला सांगितली. त्यात एक प्रश्न होता: २२ वर्षांची तरुणी, लग्नाआधीच्या तपासणीला आलेली, तक्रार काही नाही. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ६१, तांबड्या पेशी ५९ लाख, म्हणजे ५.९ दशलक्ष, फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचं माप) नॉर्मल. पुढे काय कराल? तिने उत्तर दिलं होतं, 'लोहाच्या गोळ्या सुरू करून तीन महिन्यांनी पुन्हा सीबीसी'.

मी विचारलं, मेंटझर इंडेक्स माहीत आहे का? तिने धडाधड सांगितलं, एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागायचं, तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमिया ट्रेटचा, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक असल्याचा, संशय. म्हटलं, मग भाग की. तिने कागदाच्या कडेला भागाकार मांडला: ६१ भागिले ५.९, आलं १०.३. पेन तसंच हातात धरून ती त्या आकड्याकडे बघत राहिली. तिला सगळं येत होतं. फक्त 'तरुण मुलगी, हिमोग्लोबिन कमी' एवढं वाचून तिच्या मनाने निकाल देऊन टाकला होता. फेरिटिन नॉर्मल असल्याचं तिच्या डोळ्यांनी वाचलंच नाही. बरोबर उत्तर होतं एचपीएलसी ही रक्ततपासणी करून एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण बघणं.

मग मी दोन स्लाइड काढल्या, एक लोहाच्या कमतरतेची, एक थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे वाहकाची. दोघींनी एकाच मायक्रोस्कोपवर आळीपाळीने बघितल्या. पहिलीत पेन्सिलीसारख्या लांबट पेशी, दुसरीत मध्ये ठिपका असलेल्या टार्गेट पेशी. उल्हासनगरची सिंधी कुटुंबं लग्न ठरायच्या आधी मुलामुलींना ही तपासणी करायला का आणतात, तेही तिला सांगितलं. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. त्यानंतर हा विषय ती कधी चुकली नाही. पाच वर्षं पुस्तकात वाचलेली ओळ त्या दिवशी तिला माणसासकट भेटली.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मी इथूनच सुरुवात करीन. एफएमजीईचा प्रत्यक्ष पेपर कुणालाच परत मिळत नाही, त्यामुळे त्यातलं काय चुकलं हे कधी कळणार नाही. टेलिग्रामवर 'रिकॉल' म्हणून फिरणाऱ्या पीडीएफमध्ये उत्तरं किती चुकलेली असतात हे मी पाहिलंय, त्यांच्या भरवशावर राहू नका. तिच्या आधीच्या मॉक टेस्ट मात्र तिच्याकडे असतील. त्यातल्या शेवटच्या तीन छापून घ्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नावर तिने एक खूण करायची: हे मला माहीतच नव्हतं, हे माहीत होतं पण ओळखलं नाही, की हे बरोबर येत होतं आणि मी शेवटच्या क्षणी बदललं. स्वतःशी खोटं न बोलता करायचं, हीच यातली अवघड गोष्ट. पहिल्या दिवशी सगळी मुलं 'माहीत नव्हतं' वर जास्त खुणा करतात, कारण ते कबूल करायला सोपं जातं.

माझ्याकडे आलेल्या १३० ते १४९ मधल्या मुलांत जवळजवळ प्रत्येकाची सगळ्यात जास्त गळती दुसऱ्या प्रकारची निघाली. लेक्चर ऐकून फक्त पहिली गळती थांबते. दुसऱ्यासाठी एक साधी वही करायची. चुकलेल्या प्रश्नासमोर एकच ओळ लिहायची, तीही स्वतःच्या शब्दांत: प्रश्नातल्या कुठल्या शब्दाने मला उत्तर सांगायला हवं होतं? 'फेरिटिन नॉर्मल होतं, मी वाचलं नाही', एवढंच. पूर्ण थिअरी उतरवायची नाही, नाहीतर त्या वहीच्या पुन्हा नोट्स होतात. झोपण्याआधी वीस मिनिटं ही वही वाचायची. तिसऱ्या प्रकारासाठी नियम एकच ठेवा: उत्तर बदलायचं असेल तर प्रश्नातलं नवं काहीतरी दिसलेलं असलं पाहिजे, नुसती धाकधूक झाली म्हणून बदलायचं नाही.

पहिल्या प्रकारातही एक मोठा तुकडा असा आहे जो बाहेर शिकलेल्या मुलांच्या वाट्याला शिकताना आलेलाच नसतो. कम्युनिटी मेडिसिनला (सार्वजनिक आरोग्य) ३० गुण आणि फॉरेन्सिकला (न्यायवैद्यक) १०. हे चाळीस गुण भारताचे आहेत. तिथे त्यांना त्या देशाची आरोग्यव्यवस्था शिकवतात. सपाट भागात उपकेंद्र पाच हजार वस्तीला आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांना, प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांना आणि वीस हजारांना, हे तिला पाठ करावं लागतं, कारण तिने ते पाहिलेलं नाही. फॉरेन्सिकमध्ये तर जुन्या पुस्तकांनी घोळ होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यूचं जुनं कलम ३०४-ए आता १०६ आहे, खुनाचं ३०२ आता १०३. तिच्या टेबलावर सेकंड हँड घेतलेलं जुनं पुस्तक असेल तर निदान हा विषय नव्यातून करू द्या.

हे नुसतं पाठ करण्यापेक्षा सोपा रस्ता तुमच्या घराजवळ आहे. तुमच्या भागातल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी जा, तिथल्या डॉक्टरांना भेटून खरी परिस्थिती सांगा आणि मुलीला एक सकाळ नुसतं बसून बघायची परवानगी मागा. सगळीकडे मिळेल असं नाही, पण विचारल्यावर मिळते असा माझा अनुभव आहे. दीड महिन्याच्या बाळाला पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट लस डाव्या मांडीत, न्यूमोकोकसवरची पीसीव्ही उजव्या मांडीत आणि पोलिओची एफआयपीव्ही उजव्या दंडावर कातडीत देताना, रोटा आणि पोलिओचे थेंब पाजताना एकदा बघितलं, आईच्या हातातलं कार्ड वाचलं, बाटलीवरच्या व्हीव्हीएमचा (लस उष्णतेने खराब झाली का हे दाखवणाऱ्या खुणेचा) आतला चौकोन फिका आहे की गडद झालाय हे सिस्टरने दाखवलं, की वेळापत्रकाचा तक्ता भिंतीवर चिकटवायची गरज राहत नाही.

अनुभवाचं मघाशी म्हटलं ते हेच. ओळखीच्या फिजिशियनच्या ओपीडीत, त्यांच्या आणि पेशंटच्या संमतीने, आठवड्यातून दोन सकाळी निरीक्षक म्हणून बसू द्या. हात लावायचा नाही, काही लिहायचं नाही, फक्त बघायचं आणि घरी येऊन दोन केस वाचायच्या. आपल्याकडचे आजार त्यांनी तिथे पाहिलेले नसतात. पावसाळ्यात ठाणे, कळवा, पनवेलला पाणी तुंबलं की आठवड्या-दोन आठवड्यांनी लेप्टोचे (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे) पेशंट सुरू होतात. ताप, पोटऱ्या दाबल्या की कळवळणं, डोळे लालभडक पण चिकटा नाही, मग कावीळ, लघवी कमी. असा एक माणूस समोर बघितलेला विद्यार्थी परीक्षेत 'पाण्यातून चालत गेलेला कामगार' हे शब्द दिसले की थांबतो. तीच गोष्ट घोणस चावलेल्याची, कीटकनाशक प्यायलेल्याची, डेंग्यूत ताप उतरल्यावर अचानक बिघडणाऱ्याची.

आता दिल्ली. इथे मी ठाम उत्तर देणार नाही, कारण ते तिच्या स्वभावावर आणि तुमच्या खिशावर आहे. घरी अभ्यासाची शिस्तच बसत नसेल, रोज पाहुणे आणि चौकश्या असतील, तर चार-पाच महिने बाहेर राहण्याचा उपयोग होतो. पण बारा तास बसणाऱ्या मुलीला शिस्त शिकवायला दिल्लीला पाठवायची गरज नाही. तिथेही बहुतेक वेळ ती मोठ्या हॉलमध्ये तीच लेक्चर ऐकणार. तेवढ्या पैशांत एक चांगली प्रश्नपेढी, दर आठवड्याला एक पूर्ण मॉक आणि तिच्याबरोबर बसून चुका वाचणारं एक माणूस, एवढं मिळालं तर मी घर निवडीन. ते माणूस तिची मैत्रीणही असू शकते, तिसऱ्यांदा बसणारीच. दोघी एकमेकींच्या वह्या वाचतात तेव्हा फार फरक पडतो.

मॉक मात्र खऱ्या परीक्षेसारखी: दोन्ही भाग एकाच दिवशी, मध्ये तेवढीच सुट्टी, फोन बाहेर. दुपारच्या भागात गुण घसरतात का ते बघा. काही मुलांची अकरा गुणांची तूट निव्वळ दुपारच्या थकव्यात असते. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे तिला माहीत असेलच.

प्लॅब आणि यूएसएमएलईबद्दल थोडक्यात. ते मार्ग खरे आहेत, पण एफएमजीई जमत नाही म्हणून पकडायचे नाहीत. प्लॅबचा दुसरा भाग मँचेस्टरला जाऊनच द्यावा लागतो, त्याआधी इंग्रजीची परीक्षा, आणि पास होऊनही तिकडे नोकरीसाठी सध्या प्रचंड स्पर्धा आहे. अमेरिकेसाठी तिच्या विद्यापीठाला मान्यता देणारी संस्था जागतिक पातळीवर मान्य आहे का, हे आधी तपासावं लागतं. शिवाय यूएसएमएलईचा पहिला टप्पा, स्टेप १, जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाल्यामुळे रेसिडेन्सीच्या (तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) निवडीत स्टेप २ च्या गुणांवर जास्त भार आलाय. दोन्हीकडे प्रश्न वाचण्याची हीच सवय लागते. आत्ता ती लावली तर कुठेही उपयोगी पडेल. आणि 'एफएमजीईच्या जागी नेक्स्ट ही परीक्षा येणार आहे, ती सोपी असेल' म्हणून थांबू नका. २०२३ च्या जुलैत ती पुढे ढकलली गेली. पुढच्या सत्रात तिच्यासमोर एफएमजीई असेल असं धरूनच चाला.

तुमच्याबद्दल एक गोष्ट बोलते, राग मानू नका. तुमच्या प्रश्नात 'बारा तास' हा शब्द तीनदा आलाय. घरात रोज तासांची चौकशी होते तेव्हा मुलं तास भरतात. मी पाहिलेल्या मुलांत सगळ्यात जास्त त्रास त्यांना झाला ज्यांना संध्याकाळी घरी 'किती झालं आज?' विचारलं जायचं. त्याऐवजी 'आज कुठला प्रश्न चुकला, मला सांग' असं विचारा. तुम्हाला मेडिकल कळत नाही हे उलट बरं, तुम्हाला समजावताना तिला स्वतःला समजेल. ती नीट जेवते का, रात्री झोपते का, मैत्रिणींचे फोन घेते का, याकडेही लक्ष असू द्या. दोनदा नापास झालेली मुलगी खोलीचं दार लावून बारा तास बसते तेव्हा ती सगळा वेळ अभ्यासच करत असेल असं धरून चालू नका. झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा येते, त्यासाठी तिला एक सत्र सोडायला लागलं तरी चालेल.

कागदपत्रांचं आत्ताच बघून ठेवा, पास झाल्यावर नको. तिचा प्रवेश २०१९ चा, म्हणजे १८ नोव्हेंबर २०२१ च्या नव्या नियमांच्या आधीचा, त्यामुळे ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम वगैरे अटी तिला लागू नाहीत. पण कोविडच्या काळात ती घरून ऑनलाइन शिकली असणार. त्या वर्गांची भरपाई प्रत्यक्ष कॉलेजात झाली का, कधी, किती, याचं विद्यापीठाचं स्पष्ट पत्र हवं. इथली इंटर्नशिप एक वर्षाची की जास्त, हे त्या पत्रावर ठरू शकतं. पत्र नसेल तर आजच मेल करायला सांगा, तिकडून उत्तर यायला महिने लागतात.

आणि नाव. आपल्या मुलांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत, तिकडे वडिलांचं नाव कधी गळतं, कधी आडनावाच्या जागी जाऊन बसतं. त्यात रशियन लिपीत 'ह' साठी नेमकं अक्षर नाही. माझ्याकडच्या एका हर्षदाच्या डिग्रीच्या इंग्रजी भाषांतरात 'खर्षदा' आलं होतं आणि ते पास झाल्यावर लक्षात आलं. प्रतिज्ञापत्र, दूतावास, पुन्हा भाषांतर, यात तिची इंटर्नशिप साडेचार महिने लांबली. आज संध्याकाळी मुलीची डिग्री, तिचं भाषांतर, पासपोर्ट आणि दहावीचं प्रमाणपत्र एकाशेजारी एक ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा.